वांग्याच्या फुलांचं वेदीवस्त्र

पाणवडीच्या चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळात कोणी पाहुणा आला, की वेदीपाशी थबकतो. तिथल्या जांभळ्या वस्त्रावर ना क्रूस, ना द्राक्षं. वांग्याची फुलं भरलेली. मग गावातले म्हातारे सांतानकाका त्याला बाकावर बसवतात आणि सांगू लागतात.

वसईकडच्या या गावात फार पूर्वी उर्सुला नावाची भरतकाम करणारी बाई होती. तिनं भरलेल्या मोगऱ्यावर मधमाशी येऊन बसली होती, असं सांगतात. वेदीची वस्त्रं तीच करी. उपासनेचा काळ बदलायला आला की ती वाड्यांमधून हिंडे आणि त्या काळाला शोभेल ते फूलपान निवडे. नाताळच्या पांढऱ्या वस्त्रावर मोगरा, पवित्र आत्म्याच्या सणाला लाल जास्वंद, सामान्य काळाच्या हिरव्यावर विड्याचा वेल. उपवासकाळाचं जांभळं वस्त्र तेवढं कोरं राहिलं होतं. काही केल्या सुचेना.

एका दुपारी ती बायांसोबत भरत बसली असताना शेजारची मार्सेलीन आली. ही भाजी पिकवणारी, अक्षरओळख नसलेली. हातात वांग्याची डहाळी.

"उर्सुलाबाय, हे बघ. रंग जांभळाच आहे. आणि फूल कसं मान खाली घालून असतं. उपासात आपण असंच असायचं ना?"

"वेदीवर काय भाजी मांडू?" उर्सुला म्हणाली. "जा बाय, बाजार चुकेल तुझा."

बाया खो खो हसल्या. मार्सेलीन डहाळी तिथंच ठेवून निघून गेली. बाया पांगल्यावर उर्सुलानं ती उचलली आणि बघतच राहिली.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी वांग्याच्या फुलांचं वस्त्र वेदीवर चढलं. लोकांची नजर हटेना. फादरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "उर्सुला, हे कुठून सुचलं तुला?"

मार्सेलीन शेवटच्या बाकावर होती.

"देवानं सुचवलं, फादर," उर्सुला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मार्सेलीन नेहमीसारखी चार वांगी उर्सुलाच्या ओट्यावर ठेवून गेली. ती उर्सुलाच्या घशाखाली उतरेनात. कोणी वस्त्र वाखाणलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. रविवारी प्रसाद घ्यायला ती पुढं जाईनाशी झाली. कोणी विचारलंच, तर पोटदुखीचं निमित्त सांगे, आणि त्या खोटेपणानं आणखीच खजील होई.

शेवटी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, मिस्सा म्हणजे उपासना संपता संपता, ती उठली.

"हे फूल मार्सेलीननं आणलं होतं. मी तिला चारचौघींत हसले आणि मग तिचंच चोरलं. वर देवाचं नाव घेतलं."

ती चालत मागे गेली, मार्सेलीनपुढं उभी राहिली. वर बघवेना.

मार्सेलीननं वेदीवरच्या वस्त्राकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "मला दिसलंच होतं, बाय. पण तू काटे वगळलेस. वांग्याच्या देठाला काटे असतात."

त्याच दुपारी उर्सुलानं वस्त्र मांडीवर घेतलं आणि पहिला काटा भरला म्हणे.

आजही राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी गावकरी चर्चच्या पडवीत जमतात. सुई हातोहात फिरते. ज्याला ज्याची लाज वाटते, त्यासाठी तो देठावर एक काटा भरतो. कशासाठी, ते कोणी विचारत नाही.

एवढं सांगून सांतानकाका वस्त्राचा काठ उचलतात आणि एक जाडसर, वाकडा टाका दाखवतात.

"हा माझा," म्हणतात, आणि काठ परत नीट करून ठेवतात.