पडद्यापुढची जागा

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला. तेव्हा गावे लहान होती, वाटा लांब होत्या आणि माणसांना गोष्ट ऐकायला सवड होती. त्या काळी एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी, बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांचे एक गाव होते.

लहानांनो, तुमच्या खेळण्यातल्या बाहुल्या नव्हेत हं. या चामड्याच्या. चामडे घासून पातळ करायचे, त्यातून राजा, राणी, घोडा कापून काढायचा, छिन्नीने बारीक भोके पाडून त्याला दागिने चढवायचे आणि पाठीला बांबूची काडी बांधायची. मग पांढरा पडदा ताणायचा, मागे मोठा दिवा लावायचा आणि मधे बाहुली नाचवायची. पुढे बसलेल्या लोकांना दिसायची तिची सावली.

देवीच्या जत्रेत पहिला खेळ सात पिढ्या याच गावाचा. तो त्यांचा मान. मोठ्या माणसांना मान म्हणजे काय ते सांगायला नको. मानाच्या नारळापायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेले तुम्हीही पाहिले असतील.

पण एका वर्षी विपरीत घडले. खेळ अर्ध्यावर आला आणि लोक उठू लागले. कोणाला बैल आठवला, कोणाला गूळ-शेंगदाणे. शेवटी दिव्यापुढे बाहुल्या नाचत होत्या आणि पटांगणात दोन कुत्री बसली होती.

जत्रेचे पंच म्हणाले, "यंदा सोडून देतो. पण पुढच्या जत्रेत खेळ संपायच्या आत माणसं उठली, तर मान नदीपलीकडच्या गावाला."

नदीपलीकडच्यांनी दुसऱ्याच दिवशी चामडे भिजत घातले म्हणतात.

खेळ बसवायचे काम तोवर गुणाजी नावाच्या म्हाताऱ्याकडे होते. तो घरी आला आणि पुतणीला म्हणाला, "सगुणा, आता खेळ तू बसव. मान राहिला तर तुझ्यामुळे राहील, गेला तर तुझ्यामुळे जाईल."

सगुणाची छाती अभिमानाने भरून आली. का भरू नये? तिच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. एकेका हातात चार चार, अशा आठ बाहुल्या ती एकटी नाचवी. खेळाची गोष्ट साधी होती: एका आईचा एकुलता एक मुलगा राजाच्या लढाईवर जातो. पण त्यातली लढाई म्हणजे सगुणाचा जीव. आठ स्वार तिने स्वतः कापले होते. त्यांच्या मुकुटांवरची भोके पाडायला तिला तीन महिने लागले होते.

मग ती खेळ बसवू लागली. बसवू लागली म्हणजे काय, ज्याच्या त्याच्या हातातली काडी ओढू लागली. "तसं नाही, असं! सोडा, मी दाखवते." मृदंगवाल्याच्या हातून तिने मृदंगही घेतला. सगळ्यात जास्त बोलणी खाई तो धोंडबा. आईची बाहुली त्याच्याकडे असे. वयामुळे त्याचे हात कापत. सगुणाने मनात ठरवून टाकले होते, धोंडबाकाकांना आता दिव्यात तेल घालायला बसवायचे.

गुणाजी बारा दिवस पटांगणाच्या एका कोपऱ्यात बसून पाहत होता. तेराव्या दिवशी म्हणाला, "सगुणा, आज पडदा ताणा. आणि तू पुढे जाऊन बस."

सगळ्यांच्या हातातल्या काड्या थांबल्या.

त्याचे कारण ऐका. तालमीला पडदा ताणायची त्या गावात रीतच नव्हती. बघायला कोणी नाही, मग पडदा कशाला? आणि पडद्यापुढे तर त्या घरांतले कोणी कधी बसतच नसे. 'पुढे बसतो तो रिकाम्या हाताचा,' अशी त्यांच्यात म्हण होती. पोरे जन्मायची ती दिव्याच्या बाजूला आणि म्हातारी व्हायची तीही दिव्याच्याच बाजूला. सात पिढ्या खेळ केला, पण आपला खेळ दिसतो कसा, हे एकालाही ठाऊक नव्हते.

हसता काय? तुमचे घोरणे तुम्ही तरी कधी ऐकले आहे?

सगुणा फणकारली. "आबा, मी पुढे बसून उंटावरून शेळ्या हाकू? मग माझे आठ स्वार कोण धरणार?"

"धरायला पुष्कळ आहेत. बघणार कोण, ते सांग."

"बघायला जत्रा आहे की!"

गुणाजी हळू आवाजात म्हणाला, "गेल्या वर्षी दिव्याच्या धुरानं डोळे चुरचुरले, म्हणून मी बाहेर येऊन बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा. लोक उठले ना, पोरी, तेव्हा मीही उठलो."

 सगुणा नाक उडवत पुढे गेली आणि पहिल्या रांगेच्या जागी बसली.

"आणखी मागे," गुणाजी म्हणाला. "अजून मागे. जत्रेत उशिरा येणारी बाई जिथे टेकते, तिथे."

ती पटांगणाच्या टोकाला असलेल्या चिंचेखाली जाऊन बसली. खेळ सुरू झाला. लढाई आली. सगुणानेच तयार केलेल्या दोन मुलींनी आठ स्वार धरले होते, हुबेहूब तिच्यासारखे. सगुणा सरसावून बसली.

आणि तिला दिसला एक काळा ढिगारा. तो हलत होता एवढेच. आपला कोण, परका कोण, जिंकले कोण, काही कळेना. तीन महिन्यांची भोके तर कुठे दिसलीच नाहीत. तिला जांभई आली. आपल्याच लढाईला आपल्याला जांभई यावी, याची तिला इतकी लाज वाटली की तिने तोंड पदराने झाकून घेतले.

मग आई आली. जात्यावर दळायला बसली. धोंडबाचा हात कापत होता, नेहमीसारखाच. पण चिंचेखालून धोंडबा दिसत नव्हता. दिसत होती एक थकलेली बाई, आणि मुलाच्या काळजीने थरथरत होती ती. सगुणाचे डोळे भरून आले.

ती उठली ती सरळ पडद्यामागे गेली. "काका, मी तुमच्या हातातली बाहुली काढून घेणार होते."

"ठाऊक होतं मला," धोंडबा म्हणाला.

"माझं चुकलं. आई तुमचीच."

त्या दिवसापासून सगुणाने बाहुलीला हात लावला नाही. रोज ती नव्या जागी बसे. कधी पुढे, कधी कडेला, कधी चिंचेखाली. आत येऊन दोनच गोष्टी सांगे. "घोडा दिव्याकडे न्या, मोठा दिसेल." "इथे मृदंग नको, नुसतं बघू दे त्यांना." आणि काडी ओढायच्या ऐवजी ती आता विचारू लागली.

एकदा तिने धोंडबाला विचारले, "काका, मुलगा लढाईत पडल्याचं आईला कळलं, की तिचं जातं थांबेल ना?"

धोंडबाने आईची बाहुली मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "माझा थोरला गेला, तेव्हा त्याची आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही गं. थापतच राहिली. परातीत पीठ उरलं नाही, तरी थापत होती."

सगुणाने मान खाली घातली. त्या दुपारी तिने आठही स्वार एका धडप्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून दिले. लढाईच काढून टाकली तिने! आपल्या हाताने आपले कौतुक गुंडाळून ठेवायला मोठे काळीज लागते, आणि ते त्या मुलीत होते, हे सांगताना मलाही अभिमान वाटतो.

जत्रेचा दिवस आला. दिवेलागण झाली. पटांगण भरले. नदीपलीकडची मंडळी आपला पडदा गुंडाळून काखेत धरूनच आली होती. सगुणा चिंचेखाली बसली, दोन्ही हात रिकामे.

मुलगा आईच्या पाया पडून गेला. लढाई कोणाला दिसली नाही. पडद्यावर आई दळत होती आणि मृदंग दूर कुठेतरी वाजत होता. वाजता वाजता तो थांबला.

आई दळतच राहिली. जात्यात दाणा संपला, तरी खुंटा फिरत होता. तालमीत ठरले होते, दहा फेरे आणि मग हात सुटायचा. सगुणा मनात मोजत होती. दहा झाले. अकरा. बारा. पंधरा झाले तरी धोंडबा थांबेना!

सगुणाच्या तोंडचे पाणी पळाले. काका विसरले? आता लोक कंटाळणार, उठणार, मान जाणार. आत धावावे, काडी हातात घ्यावी आणि जाते थांबवावे. ती ताडकन उठली.

मागून एक बाई खेकसली, "ए बाई, बस खाली! आडवी आलीस, आई दिसेना मला!"

सगुणा मटकन बसली. तेव्हा कुठे तिने आजूबाजूला पाहिले. गूळवाल्याचा हात पाटीतच राहिला होता. पंचांच्या मांडीवर पान सुपारीवाचून सुकत होते. नदीपलीकडच्या माणसांच्या काखेतला पडदा खाली पडला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. कोणी हलत नव्हते.

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी रडवेल्या आवाजात ओरडली, "अगं, थांब ना आता!"

आणि आईचा हात सुटला. जाते थांबले. दिवा मंद झाला.

तरीही कोणी उठेना. शेवटी पंचांनाच घसा साफ करून म्हणावे लागले, "संपला हो खेळ. उठा आता."

पंचांनी मानाचा नारळ हातात घेतला आणि विचारले, "खेळ बसवला कुणी?"

गुणाजीने चिंचेकडे बोट केले. आणि बोट तसेच धरून तो उभा राहिला.

मागची बाई दचकली. "अगो बाई, तू होय! आणि मी तुलाच खाली बसवलं!"

"फार बरं केलंत मावशी," सगुणा म्हणाली. "नाहीतर माझा खेळ मीच मोडणार होते."

तिने नारळ घेतला, धोंडबाच्या कापत्या हातात ठेवला आणि त्याच्या शेजारी ताठ उभी राहिली. त्या खेळात तिचा एक शब्द नव्हता, तिच्या हातची एक बाहुली नव्हती. पण फेरा न् फेरा तिने बघणाऱ्याच्या डोळ्यांनी पारखून घेतला होता. तिला आपल्या माणसांचा एवढा अभिमान वाटला, की स्वतःच्या आठ स्वारांचा कधी तेवढा वाटला नव्हता. मान गावातच राहिला.

ही गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठी: आपण केलेले काम आधी समोरच्याच्या जागी बसून पाहावे, अभिमान त्यानंतर धरावा.