तिसरा क्यूब

"दोन फोडलेत न्हवं? मग ह्यो तिसरा मला द्या की, सर. तुमचं काय अडतंय?"

प्रयोगशाळेतल्या लाकडी स्टुलावर बसून आजरेकर सर ओला क्यूब फडक्यानं पुसत राहिले.

त्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. पोरांकडून काँक्रीटचे चौकोनी ठोकळे ओतून घ्यायचे, पाण्याच्या टाकीत ठेवायचे, दिवस भरले की मशीनखाली दाबून फोडायचे. किती भार सोसून फुटला, तो आकडा वहीत.

भैरू खोराटे दारातच उभा होता. तडक कामावरून आला होता. पँटीला सेंट्रिंगच्या फळ्यांचं काळं तेल, केसांत लाकडाचा भुसा. त्याचा थोरला भाऊ संपत सरांच्या हाताखाली संशोधन करायचा. उसाच्या चिपाडाची राख सिमेंटमध्ये मिसळली तर काँक्रीट किती टिकतं, हे तो शोधत होता. सव्वीस दिवसांपूर्वी गावाकडं येताना, रस्त्यात बिनदिव्याच्या उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. तो जागीच गेला.

हे तीन क्यूब संपतनं अपघाताच्या चौसष्ट दिवस आधी ओतले होते.

"आज नव्वदावा दिवस," सर म्हणाले. "राखेचं काँक्रीट सावकाश धरतं. त्यानंच नव्वद लिहून ठेवलेत."

"आनि न्हाई फोडला तर काय आभाळ कोसळतंय?"

"नाही कोसळत."

"मग?"

सरांनी क्यूब मांडीवर फिरवला. वरच्या अंगाला, कोपऱ्यात, एक खळगा होता. काँक्रीट ओलं असताना कुणाचा तरी अंगठा तिथं रुतला होता. रेषासुद्धा उमटल्या होत्या.

भैरू दोन ढांगांत आत आला. त्यानं आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. खळगा थोडा मोठा होता.

"दादाचाच हाय."

"हो. ओतला त्याच दिवशी पाहिला होता मी. ओरडलोही होतो त्याला, नीट लिंपता येत नाही का म्हणून."

भैरूचा अंगठा खळग्यातच होता.

"मग तो हसला."

भैरूचा आवाज चढला. "घरात त्याच्या हातचं काय सुदीक न्हाई, सर. कापडं नदीला गेली. मोबाईलचा चुरा झाला. आई दिवसभर नुसती उंबऱ्यावर बसती. ह्यो एक अंगठा हाय, आनि तुमी..." पुढचे शब्द आले नाहीत. आले ते भलतेच. "आमी बांधतो आनि तुमी फोडता! एवढंच शिक्षान का तुमचं?"

"एवढंच," सर म्हणाले. "आणि कंटाळा आलाय आता त्याचा."

ते खरंच दमलेले दिसत होते. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"दोन्हींचे आकडे आलेत," भैरू आवाज जरा खाली आणून म्हणाला. "किती आले?"

"अडतीस पॉइंट सहा. एकोणचाळीस पॉइंट एक."

"तिसरा त्येच्या मधलाच येनार. मी बी साइटवर क्यूब भरलेत, मला कळतंय. घाला मधलाच कुठला तरी आकडा. कोन बघाय येतंय?"

सर उठले. कपाटातून एक वही काढली, तिच्यात पेन घातलं आणि ती भैरूच्या हातात दिली.

"घाल."

भैरूनं पाचवीत दप्तर टाकलं होतं. संपतनं शिकावं, असं घरात ठरलं होतं, आणि ठरवणाऱ्यांत तो स्वतःही होता. आकडे मात्र त्याला पक्के यायचे. त्यानं पेन घातलेलं पान उघडलं. पानभर दादाचं अक्षर, बारीक, उजवीकडं झुकलेलं. खाली आज सरांनी लिहिलेले दोन आकडे. त्याखाली एक रिकामा चौकोन.

त्यानं पेनाचं टोपण काढलं.

आणि त्याची नजर वर गेली. पानाच्या मध्यावर एक आकडा लाल गोलात होता. सव्वीस पॉइंट दोन. बाकी सगळे पस्तिशीच्या पुढं आणि हा एकटाच खाली पडलेला. बाजूला दादानं काहीतरी लिहिलं होतं. भैरूनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

'माझी चूक. पाणी मोजलं नाही. आकडा काढून टाकू नये.'

बाहेर कुठल्या तरी वर्गाची घंटा झाली. पोरं गलका करत गेली.

"ह्यो आकडा तुमी काढून टाक म्हनला हुता?"

"म्हणालो होतो. तीन दिवस बोलला नाही माझ्याशी."

भैरूनं टोपण परत लावलं. वही टेबलावर ठेवली... आणि मग एकदम क्यूब उचलला, पोटाशी धरला. आठ किलोचं ओझं. साइटवर असलं कितीतरी तो एका हातानं उचलायचा.

सरांनी अडवलं नाही. उलट दाराच्या वाटेतून बाजूला सरकले.

भैरू दाराकडं गेला. मग वळला, आणि मशीनकडं आला.

"कसा ठेवायचा?"

"अंगठ्याची बाजू आडवी. ती खडबडीत असते. वर घेतली तर भार सारखा बसत नाही."

भैरूनं क्यूब मशीनमध्ये ठेवला. अंगठा त्याच्याकडंच बघत होता. सरांनी कळ दाबली. काटा चढू लागला. वीस... तीस... पस्तीस... भैरू काट्याकडं बघत नव्हता.

क्यूबच्या कडांवर आधी केसाएवढ्या रेघा आल्या. मग फट्‌ असा आवाज झाला. अंगठ्याचा कोपरा सुटून खाली ट्रेमध्ये पडला, आणि त्याचे तीन तुकडे झाले.

काटा थांबला होता.

"लिही," सर म्हणाले. "एकेचाळीस पॉइंट तीन."

"मधला न्हाई आला."

"नाही आला."

भैरूनं रिकाम्या चौकोनात आकडा लिहिला. दादाच्या अक्षराशेजारी त्याचं अक्षर लहान पोरासारखं दिसत होतं. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं, ट्रेमधले तुकडे एका घमेल्यात भरले आणि विचारलं, "आता हे?"

"चल."

फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट फुटक्या क्यूबांची होती. येताना भैरू तिच्यावरूनच आला होता. रागात होता, खाली बघितलं नव्हतं. आता दिसलं. कुठं अर्धा पिवळा नंबर, कुठं रंगवलेली तारीख, कुठं कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर. सगळं झिजून गुळगुळीत झालेलं. फाटकाजवळ मात्र एक खड्डा होता. त्यात पाणी साचलं होतं.

सरांनी खड्ड्याकडं नुसतं बोट केलं.

भैरू उकिडवा बसला. तुकडे एकेक करून त्यानं हातानं रचले. मोठे खाली, बारीक वर. कामाची सवय होती. अंगठ्याचे तीन तुकडे त्यानं घमेल्यात मागं ठेवले होते. शेवटी तेही रचले. मग उठला, आणि खड्ड्याच्या कडेकडेनं, गवतातून फाटकाकडं निघाला.

"भैरू."

तो थांबला.

"न तुडवता भर बसते का? तुला सांगायला हवं?"

"न्हाई बसत. पर दादावर पाय देऊ, सर?"

सर बाजूला बघत उभे राहिले.

भैरू मागं आला. खड्ड्याशी उभा राहिला. वाकून त्यानं आपल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि एक पाय उचलला.

"चपला घाल," आजरेकर सर म्हणाले. "उद्या पोरं बूट घालूनच येणार आहेत."