एका सेंटीमीटरला दोन मीटर

“...आकृतीत अंगण नऊ सेंटीमीटर. एका सेंटीमीटरला दोन मीटर. मग सांगा बुवा, अंगण किती? अठरा मीटर की साडेसोळा?”

काशीगिरी बुवा शेंगा सोलत राहिले.

त्र्यंबक मास्तर रागानं मठाच्या ओसरीवर येरझारा घालत होता. तो बुवांच्याच हाताखाली शिकला होता आणि आता मठाच्या शाळेत सातवीला भूमिती शिकवत होता. गणित याच मठाच्या अंगणाचं होतं. सगळ्या वर्गानं अठरा लिहिलं, एकट्या नर्मदानं साडेसोळा. “डोक्यात माती भरलीय,” म्हणत त्यानं तिची वही भर वर्गात टराटरा फाडली. चार दिवस झाले, पोरगी शाळेत फिरकली नव्हती. आणि बुवा जाब विचारत होते त्यालाच.

बुवांनी कोनाड्यातला टेप काढून त्याच्यापुढे टाकला.

“मोज.”

“काय?”

“अंगण.”

दात-ओठ खात त्यानं मोजलं. साडेसोळा.

दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजलं...

साडेसोळा.

“आकृती काढण्याआधी मोजलं होतंस?”

“रोज डोळ्यांसमोर आहे. मोजायचं काय त्यात?” त्याची कानशिलं तापली. “तरी आकृतीवरून अठराच येतात. तिनं गणित सोडवलंच नाही. बाहेर येऊन मोजून गेली.”

“तिला शंका आली.” बुवांचा आवाज चढला. त्यांना रागावलेलं त्र्यंबकनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. “तुला का आली नाही?”

त्र्यंबक टेप गुंडाळू लागला.

“जा तिच्या घरी.”

नर्मदाचं घर ओढ्यापलीकडे. ती दारात शेणी थापत होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्र्यंबक जवळ गेला. राग गिळून, खालच्या आवाजात म्हणाला, “तुझं उत्तर बरोबर होतं. माझी आकृती चुकली.”

तिनं मान वर केली नाही.

“उद्यापासून ये.”

“वही नवी होती, मास्तर,” ती एवढंच म्हणाली आणि पुढची शेणी थापू लागली.

तो परतला तो धुमसतच. बुवा अजून ओसरीवरच होते.

“मी चूक कबूल केली. एक मास्तर विद्यार्थिनीच्या दारात गेला. आणखी काय करायचं? तरी ती यायची नाही.”

“कबूल केलंस तेव्हा तिथं कोण होतं?”

“कुणी नाही. ती आणि मी.”

“आवाज?”

“...हळू.”

“आणि वही फाडलीस तेव्हा वर्गात किती जण होते?”

त्र्यंबकनं मान खाली घातली.

“एकतीस.”

बुवांनी शेंगांचं सूप त्याच्याकडे सरकवलं.

“मग प्रमाण चुकलं, मास्तर.”