राजदंडाचं दुसरं टोक

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका, तेव्हाच्या लोकांनी ते लिहून ठेवलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं राज्य होतं आणि त्या राज्याला एक राजा होता. राजा तसा वाईट नव्हता. कर बेताचा घेई, देवळात वेळेवर जाई, लहान मुलं दिसली की हसे. पण एक खोड त्याला जन्माची चिकटली होती. त्याला कुणाचाच भरवसा वाटत नसे. ताट वाढलं की पहिला घास मांजराला. वैद्याने काढा दिला की पहिला पेला वैद्याने प्यायचा. ताप राजाला आणि काढे वैद्याला, असं चालता चालता बिचारा वैद्यच एकदा आजारी पडला. राजा म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो, काढ्यात काहीतरी होतं!"

राजाचा विश्वास होता तो फक्त आपल्या राजदंडावर. चांगला पुरुषभर उंचीचा, शिसवी लाकडाचा दंड होता तो, खालच्या टोकाला पितळेची जाड टोपी बसवलेला. त्या दरबाराची रीतही जरा वेगळी होती. राजा आत येण्याआधी सगळ्यांनी खाली मान घालून बसायचं. राजाने सिंहासनावर बसून दंड फरशीवर आपटायचा. ठण्ण आवाज झाला की सगळ्यांनी एकदम उठून मुजरा करायचा. आवाजाआधी कुणी मान वर केली तर त्याची खैर नसे. रोज दरबार उठून उभा राही आणि रोज राजाला वाटे, केवढी ही शक्ती माझ्या दंडात!

राजाखेरीज त्या दंडाला हात लावायची मुभा एकट्या म्हाताऱ्या चोपदाराला होती. चोपदार राजाच्या वडिलांच्या वेळचा. लहानपणी राजाला खांद्यावर बसवून त्याने जत्रा दाखवली होती. रोज सकाळी तो दंडाला तेल लावून पुसत बसे, आणि तो तेल लावत असताना राजा समोर बसून त्याच्या हातांकडे बघत राही. चोपदाराला ते कळत होतं. पण तो राग मानत नसे. आपण वाढवलेल्या पोरावर माणूस कितीसा रागावणार?

एका हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. दगडी फरशीवर बसून म्हाताऱ्या दरबाऱ्यांचे गुडघे धरू लागले. चोपदाराला त्यांची दया आली. कोठीत एक जाडजूड गालिचा गुंडाळून पडला होता, तो त्याने झटकून पार सिंहासनाच्या पायरीपर्यंत अंथरला. सगळ्यांना बरं वाटलं. राजा आला, बसला, आणि नेहमीसारखा त्याने दंड आपटला.

गालिच्यात तो नुसता भप् करून रुतला. आवाज झालाच नाही. आवाज नाही म्हणून माना खालीच राहिल्या, कुणीही उठलं नाही.

तुम्हाआम्हाला कळलं, पण राजाला कळलं नाही. त्याने पुन्हा आपटला. पुन्हा तेच. राजा उठून महालात निघून गेला आणि दार लावून बसला. 'दंडातली शक्ती गेली,' तो स्वतःशी म्हणाला. 'आपोआप कशी जाईल? कुणीतरी काढून घेतली.' शंकेची पाल अशी एकदा चुकचुकली, की ती थांबत नाही.

त्याच दिवसांत देशोदेशी फिरलेला एक प्रवासी राज्यात आला होता. काठ्या, कांड्या, दंड यांच्या गोष्टी गोळा करायचा त्याला नाद होता. राजाने त्याला महालात बोलावलं. राणीही ऐकायला येऊन बसली.

प्रवासी खुशीत सांगू लागला, "महाराज, नाईल नदीच्या देशात दाया पाणघोड्याच्या दाताची वाकडी कांडी घेऊन तान्ह्या बाळाच्या अंथरुणाभोवती रेघ ओढतात. ती रेघ ओलांडून साप-विंचू आत येत नाही, असं तिथल्या आया मानतात."

"म्हणजे कांडीने रेघ ओढली की आतला माणूस अडकला!" राजा म्हणाला.

"अडकत नाही महाराज, त्याचं रक्षण होतं. आणि रोमच्या लोकांची रीत ऐका. अंमलदारासमोर गुलामाला उभं करतात, त्याला काठीचा स्पर्श करतात, की तो मोकळा."

"म्हणजे धन्याचा हुकूम काठीने पुसता येतो!"

"दक्षिणेकडे एक मुलूख आहे, तिथला राजा दरबारात स्वतः मोठ्याने बोलत नाही. हातात सोन्याने मढवलेली काठी घेऊन एक माणूस त्याच्या वतीने बोलतो."

राजा ताडकन उठला. "राजाच्या तोंडचं बोलणं काठीवाला घेऊन जातो, आणि हे तुम्ही हसत हसत सांगता?"

प्रवासी गोंधळला. एवढं जग हिंडला, पण आपल्या गोष्टी अशा उलट्या कानांनी ऐकणारा माणूस त्याला कुठे भेटला नव्हता. तेवढ्यात राणीने विचारलं, "पाहुणे, तो गुलाम सुटतो तो काठीमुळे, की जमलेली माणसं त्याला सुटलेला मानतात म्हणून?"

प्रवाशाचा चेहरा उजळला. "राणीसाहेब, माझं म्हणाल तर..."

"तुमचं कुणी विचारलं नाही," राजा म्हणाला. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. जगात काठ्यांमध्ये शक्ती असते, आणि आपल्या दंडातली शक्ती कुणाच्यातरी काठीने ओढून घेतली आहे.

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. राज्यातली झाडून सगळी काठी, कांडी, दांडी, छडी राजवाड्यासमोरच्या मैदानात आणून टाकायची. जो लपवील तो गुन्हेगार. दवंडीवाल्याने दवंडी पुरी केली आणि शिपायांनी पहिल्यांदा त्याचंच टिपरू काढून घेतलं.

मग काय विचारता! गुराख्यांच्या काठ्या गेल्या, गुरं पिकांत शिरली. कुंभाराची चाक फिरवायची काठी गेली, चाक जागच्या जागी थांबलं. मास्तरांची छडी गेली, तेवढाच काय तो मुलांचा आनंद. म्हाताऱ्याकोताऱ्यांना भिंतीला धरून चालायची वेळ आली. संन्याशाचा दंडसुद्धा सोडला नाही. शिपायांच्या भाल्यांच्या दांड्या काढल्या आणि नुसती पाती त्यांच्या हाती दिली, ती घेऊन ते भाजी चिरायला निघाल्यासारखे पहारा देऊ लागले.

पण याहून वाईट घडलं ते घराघरांत. आधी राजा एकटा संशयी होता, आता गावाला तो रोग लागला. एक बाई शिपायांना सांगून आली, "शेजारणीचं लाटणं बघा. माझ्यासारखीच कणीक, माझ्यासारखाच तवा, मग तिच्याच पोळ्या कशा फुगतात?" शेजारीण तरी कशी गप्प बसेल! तिने हिच्या रवीकडे बोट दाखवलं. लोणी जास्त येतं म्हणे. लाटणं गेलं, रवीही गेली, आणि वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरी विरजण मागायला जाणाऱ्या त्या दोघींनी मधलं कुंपण वाढवून घेतलं. मला विचाराल तर राज्य त्याच दिवशी बुडालं. पुढचं फक्त दिसायचं राहिलं होतं.

मैदानात काठ्यांचा ढीग लागला आणि राजाने स्वतःच्या हाताने तो पेटवला.

राणीला मात्र चैन पडेना. ती रिकाम्या दरबारात जाऊन बराच वेळ बसली. पाय गालिच्यात रुतले तसं तिच्या लक्षात आलं. तिने राजाला बोलावून आणलं, गालिचा गुंडाळायला लावला आणि म्हणाली, "आता आपटा."

राजाने दंड आपटला. ठण्ण! बाहेर अंगणात उभे असलेले दरबारी सवयीने जागच्या जागी मुजरा करून मोकळे झाले.

राणी हसली. "बघा महाराज, कुणी काही चोरलं नव्हतं. थंडी होती, गालिचा होता, एवढंच."

कुणालाही वाटेल, आता राजा हसेल. पण राजाच्या कपाळावर आठी चढली. त्याने हळूच विचारलं, "गालिचा अंथरला कुणी?"

चोपदाराला समोर उभं केलं. "महाराज, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखत होते," तो म्हणाला. "दुसरं काही मनात नव्हतं."

"माझा दंड मुका करायला दुसरं काही मनात लागतही नाही," राजा म्हणाला. "त्याला तू रोज तेल लावतोस. त्याचा आवाज कशाने बंद पडतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

"महाराज, अहो, तुम्हाला मी खांद्यावर..."

"पागोटं काढा याचं."

दरबारी पोशाख उतरवून, अंगावरच्या पंच्यानिशी चोपदाराला तळ्यापलीकडे हाकलून दिलं. जाताना त्याने मागे वळून पाहिलं, ते राजवाड्याकडे नव्हे, राजाकडे. राणी राजाला खूप बोलली. राजा त्या दिवसापासून राणीच्या हातचं पाणीही प्यायचा थांबला.

एके दिवशी राजाच्या कानावर आलं की तळ्यापलीकडे बांबूचं बेट आहे. एवढ्या काठ्या उभ्याच्या उभ्या, आणि त्या चोपदाराच्या झोपडीजवळ! ते बेट तोडायचं कुणावर सोपवावं? सेनापतीवर? तो एखादा बांबू लपवील. शिपायांवर? ते त्याचेच साथीदार. राजा कुणालाही न सांगता एकटाच निघाला. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात दंड.

तळं आटत आलं होतं. वरून माती वाळून भेगाळलेली, आणि खाली कमरेहून खोल गाळ. तिथून जायची वाट होती, तिच्या दोन्ही बाजूंना गावकऱ्यांनी खुणेच्या काठ्या रोवलेल्या असत. शिपायांनी त्याही उपटून नेल्या होत्या. खुणा नसल्या तर माणूस निदान हातातल्या काठीने पुढची जमीन टोचून बघतो. राजाच्या हातात दंड होता, पण राजदंड चिखलात कोण घालील! मध्यावर गेल्यावर वाळकं कवच फुटलं आणि राजा मांड्यांपर्यंत आत गेला. पाय काढायला गेला, तर कमरेपर्यंत.

राजा ओरडला. गावात ऐकू गेलं नाही. झोपडीत ऐकू गेलं. चोपदार धावत आला, वाटेची घट्ट जमीन जवळच होती तिथे पोटावर पालथा पडला आणि त्याने पंचा सोडून फेकला. पंचा आखूड पडला. काठीसाठी त्याने इकडेतिकडे पाहिलं. काठी कुठली असायला? बांबूच्या बेटापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. सगळ्या राज्यात हाताशी उरलेली काठी एकच होती, आणि ती राजाच्या हातात होती.

"महाराज, दंड पुढे करा! त्याचं टोक माझ्या हातात द्या!"

राजाने दंड छातीशी धरला. "म्हणजे तू घेऊन पळशील."

"कुठे पळू महाराज? पळायला गुडघे आहेत का माझे?"

"याच क्षणाची तू वाट बघत होतास. इथे झोपडी उगीच नाही बांधलीस."

चोपदाराला रडू फुटलं. "मला कैदेत टाका, मारा, काय हवं ते करा, पण आधी बाहेर या! टोक द्या महाराज!"

गाळ छातीला लागला. राजाने एकदा दूरच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं, एकदा चोपदाराच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि शेवटी पितळेचं टोक त्याच्याकडे केलं. चोपदाराने ते दोन्ही हातांनी पकडलं, पायांची बोटं मातीत रोवली आणि सारा जीव एकवटून ओढलं. राजा वीतभर वर आला. छाती सुटली. आणखी एक ओढ, आणि त्याचे कोपर घट्ट जमिनीला लागले असते.

पण ती ओढ राजाच्या हाताला लागली आणि त्याच्या मनात आलं, 'हा दंड हिसकावतोय!'

त्याने सगळ्या ताकदीने दंडाला उलटा हिसका दिला. तेलाने गुळगुळीत झालेलं पितळ म्हाताऱ्याच्या बोटांतून सटकलं. चोपदार तोंडावर आपटला. आणि दंड मिठीत घेऊन राजा आपल्याच हिसक्याने मागे कोसळला, तो गळ्यापर्यंत आत गेला.

चोपदाराने चिखलाने भरलेलं तोंड वर केलं. "मी तुम्हालाच ओढत होतो हो, महाराज," तो म्हणाला. "दंडाला नाही. तुम्हाला."

राजाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाचं तरी बोलणं खरं वाटलं. दंड पुन्हा पुढे करावा म्हणून त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. पण हात गाळाखाली होते, दंडही गाळाखाली होता, आणि दोन्ही वर येईनात.

राजाला शोधत गावातली माणसं येऊन पोचली तेव्हा चोपदार तसाच पालथा पडून होता, रिकामे हात पुढे पसरून.

मुलांनो, आणि मुलांच्या आईवडिलांनो, यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: काठी कितीही थोर असली तरी ती बुडणाऱ्याला वाचवते ती दुसरं टोक कुणीतरी धरलं तरच. ज्याला ते टोक कुणाच्याच हातात देववत नाही, त्याला त्याच्यावर माया करणारेही बाहेर काढू शकत नाहीत.