केळ्याच्या वासाची हाक

एकदा एक तरुण डॉक्टर आपल्या जुन्या गुरूंना भेटायला डोंगरातल्या गावी गेला. या बाईंनी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीराची प्रतिकारशक्ती शिकवली आणि निवृत्तीनंतर मधमाश्यांच्या पेट्या सांभाळल्या. शिष्य हुशार, पण भारी उतावळा. सूज दिसली की औषधाने दाबून टाकायची, हा त्याचा खाक्या. बाई "थांब" म्हणेपर्यंत त्याने पेटीचे झाकण उघडलेसुद्धा.

पहिली माशी मनगटावर डसली. त्याने ती चापटीने चिरडली. लगेच दुसरी, तिसरी, मग दहा-बारा, आणि साऱ्या नेमक्या त्याच मनगटावर! त्याची गाळण उडाली.

"बाई, विष फवारा! मारून टाका सगळ्या!"

बाईंनी विष आणले नाही. त्यांनी त्याचे मनगट धरून चक्क हुंगले, रुतलेले काटे नखाने खरवडून काढले आणि धुराचे भांडे माश्यांवर नव्हे, त्याच्या मनगटावर धरले. थोड्याच वेळात घोंघावणे ओसरले आणि माश्या पेटीकडे परतल्या. जीव भांड्यात पडला बिचाऱ्याचा.

"पण बाई, धूर मला का दिलात?"

"हुंगून बघ, पिकल्या केळ्यासारखा वास येतोय. तो काट्यातून सुटतो. 'इथे या' अशी ती हाक असते. मी ती झाकली, बस्स. माश्या कशाला मारायच्या? उद्या पेटीवर गांधीलमाश्या आल्या, तर राखण कोण करणार? अरे, तुझ्या शरीरातही हेच चालतं. जखमेजवळच्या पेशी केमोकाइन नावाची बारीक प्रथिनं सोडतात. जखमेपाशी ती दाट, लांब विरळ. त्या मागावरून पांढऱ्या पेशी बरोबर जागेवर पोचतात. कोणत्या पेशींनी यायचं, तेही त्या हाकेवर ठरतं. काम झालं की शरीरच ती पुसून टाकतं. नाही पुसली, तर हेच राखणदार आपलं घर मोडायला लागतात. मग सांग, डॉक्टरनं आधी काय शोधायचं?"

"हाक कोण घालतंय, आणि ती अजून का थांबली नाही, ते," तो हळूच म्हणाला.

बाई हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

तो पायरीवर बसून राहिला. मनगट टम्म फुगले होते, ठणकत होते. आत हाकेवर आलेले राखणदार कामाला लागले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखाद्या सुजेचा राग आला नाही.