मुकं पडलेलं आधी

पूर्वी वेणुमती नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लोहाराच्या घरी जन्मला होता. मोठेपणी तो जनावरांचा वैद्य झाला. पोथी त्याला कुणी शिकवली नव्हती. जनावरांनीच शिकवलं, आणि ते पुरलं. राजाने त्याला पागेवर नेमलं. पण दरबाराची रीत अशी, की राजाचा घोडा दुखावला तर त्याच्यावर उपचार होईपर्यंत वैद्याने दुसऱ्या जनावराला शिवायचं नाही.

एका उत्सवाच्या सकाळी वेशीवरची लाकडी कमान कोसळली. खाली सापडले दोघे: राजाचा घोडा मेघवर्ण आणि रोहिणी कुंभारणीचं गाढव, पाठीवरच्या मातीच्या गोण्यांसकट. घोड्याचा खांदा फाटला होता. त्याच्या खिंकाळण्याने वेस दणाणली, आणि सगळं गाव तिकडे धावलं. गाढव मुकाट पडलं होतं.

बोधिसत्त्वाने घोड्याकडे एकवार नीट पाहिलं. रक्त ओघळत होतं, उसळत नव्हतं. हिरड्या गुलाबी होत्या. लाथा तर अशा झाडत होता, की पागेतले गडी जवळ जाईनात.

"फेटे सोडा आणि जखमेवर दाबून धरा. हात काढू नका," एवढं सांगून तो गाढवाकडे वळला.

सेनापती उग्रबाहू आडवा आला. "अरे लोहारड्या, राजाचा घोडा टाकून गाढवाला हात लावतोस? हात छाटीन तो!"

"छाटा. पण याचा श्वास मोकळा झाल्यावर."

त्याने दोर कापून छातीवरची गोणी लोटली. गाढवाच्या नाकातोंडात ओली माती गच्च बसली होती. जीभ बाहेर ओढून त्याने ती बोटांनी उपसली, मान सरळ केली. बरगडी हलेना. मग भर गावासमोर त्याने गाढवाचं तोंड मिटलं, नाकपुडीला ओठ लावले आणि फुंकर घातली. लोक हसले. त्याने पुन्हा घातली. पाचव्या फुंकरीला बरगडी आपणहून उचलली.

जबड्याखाली नाडी लागली, सुतासारखी. हिरडी पांढुरकी होती. त्याने अंगठा दाबून सोडला. रंग परत यायला चार आकडे मोजावे लागले.

"गेलं का हो, वैद्यबाबा?" रोहिणीने विचारलं. तिच्या घरची चूल त्या गाढवाच्या पाठीवर चालत होती.

त्याने डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. पापणी थरथरली. "गेलं नाही, माय. आत आहे अजून. तू हाक मार."

"अरे भुऱ्या, मुडद्या, ऊठ की! कोंडा भिजत घातलाय तुझ्यासाठी!"

भुऱ्याचा कान हलला. हिरडीचा रंग आता दोन आकड्यांत परतू लागला, तेव्हाच बोधिसत्त्व उठला आणि घोड्याचा खांदा शिवायला गेला.

दोन्ही जनावरं जगली. राजा अरिंदम म्हणाला, "घोडा वाचला म्हणून तुझा हात वाचला. पुढच्या खेपेला रीत पाळशील, असं वचन दे."

"महाराज, जो ओरडतो त्याच्या छातीत वारा आहे. जो ओरडू शकत नाही, त्याची घाई असते. पुढच्या खेपेलाही मी असंच करीन. वचन हवं तर हे घ्या."

त्याच दिवशी त्याची पागेवरची नेमणूक सुटली. तो कुंभारवाड्यात जाऊन बसला. वर्ष सरलं नाही तोच राजाचे घोडे तिथे आणावे लागले, आणि श्वास अडलेली शेळी आली तर त्यांनाही थांबावं लागे. राजाने पुन्हा रीतीचं नाव काढलं नाही.

ही गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा उग्रबाहू म्हणजे आज मुकाट तापाने पडलेल्याला सोडून धनवंत दात्याच्या डोकेदुखीला धावलेला हा भिक्षू सुनक्षत. रोहिणी म्हणजे विहारात पाणी भरणारी उपासिका धम्मिला. अरिंदम म्हणजे दारात उभा असलेला नगरश्रेष्ठी. आणि तो वैद्य मीच होतो." एवढं बोलून ते स्वतः त्या तापकऱ्याच्या उशाशी जाऊन बसले.

आधी कुणाकडे धावायचं ते ओळखणारी, भय न मानणारी प्रज्ञा, ती ही.