आयुष्याची भिशी

एका राज्यात पोरांना अंगणात खेळू देत नसत. का, ते सांगतो. पण मध्ये बोलू नका, मला ते खपत नाही.

त्या राज्याचा राजा धर्मकेतू. माणूस वाईट नव्हता हो, पण सोनं दिसलं की विरघळायचा. एके दिवशी त्याच्या दरबारात कालकंठ नावाचा जादूगार आला. बरोबर एक तांब्याचा रांजण, माणूस उभा मावेल एवढा. कालकंठ म्हणाला, "महाराज, यात टाकलेलं सोनं वाढतं. मात्र ते स्वतःच्या नावाने टाकायचं नाही, लेकराच्या नावाने टाकायचं. दर रथसप्तमीला सगळ्या पोरांची हजेरी होईल आणि वाढलेलं सोनं हयात नावांत वाटून मिळेल. जे लेकरू मरेल, त्याचा वाटा उरलेल्यांना. शेवटी जे एकटं उरेल, त्याच्या घरी अख्खा रांजण."

"म्हणजे भिशीच की ही," राजा म्हणाला.

"भिशीच, महाराज. फक्त इथे जो जास्त जगेल त्याला लागते."

आता कुठल्या आईबापाला वाटतं, आपलं पोर आधी जाईल? राज्यातली यच्चयावत मोठी घरं धावली. रीतच पडून गेली. बारशाच्या दिवशी आत्या बाळाचं नाव आधी रांजणाच्या तोंडाशी वाकून सांगायची, मग पाळण्यात वाकून बाळाच्या कानात. राजाला मुलगी झाली तेव्हा त्याची धाकटी बहीण चारुमती हिनेच नाव सांगितलं, इंदुप्रभा. चारुमतीचा स्वतःचा मुलगा वज्रबाहू इंदुप्रभाहून थोडा मोठा. त्याचंही नाव रांजणात होतंच.

पहिली काही वर्षं मजेत गेली. मग एका घरचं पोर तापाने दगावलं. त्या क्षणी रांजण घुमला आणि त्याने त्या पोराचं नाव घेतलं. साऱ्या नगराने ऐकलं. लोक हळहळले, रडले, आणि रथसप्तमीला वाटा वाढून आला तेव्हा गप्प बसून मोजू लागले. पुढच्या खेपेला रांजणाने नाव घेतलं तेव्हा रडणारे कमी होते. त्याच्या पुढच्या खेपेला तर घरोघर दारं लावून पुरण शिजलं. खोटं वाटतं ना? वाटू दे. घरात चार पैसे जास्त येणार म्हटलं की माणूस स्वतःलाही पत्ता लागू देत नाही, आपण कशावर खूश आहोत ते.

मग जो तो दुसऱ्याच्या पोराकडे बघू लागला आणि आपलं पोर लपवू लागला. झाडावर चढायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, परक्या हातचं खायचं नाही. इंदुप्रभा वाढली ती महालाच्या वरच्या दालनात. तिच्या ताटातला घास आधी चाखणारा खायचा, मग ती. दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही, हे तिला बोलता येण्याआधी शिकवलं होतं. तिकडे चारुमतीच्या गढीत वज्रबाहूची तीच गत. एवढं जपूनही पोरं जात राहिली. कोणी आजाराने गेलं, कोणी कशाने, विचारायची सोय नव्हती. शेवटी दोन नावं उरली, इंदुप्रभा आणि वज्रबाहू.

रथसप्तमीला एक दिवस उरला असता कालकंठ राजाकडे आला. इंदुप्रभा शेजारच्या दालनात होती. भिंतीपलीकडचं सगळं तिला ऐकू आलं.

"महाराज, दोन नावं रांजणाला पेलत नाहीत. या रथसप्तमीला सूर्य माथ्यावर येईतो एक नाव गेलं पाहिजे. गेलं नाही, तर रांजण स्वतः निवडेल."

"कोणाला?"

"ते मला सांगता यायचं नाही. तुमच्या मुलीलाही निवडेल." मग पुडी उघडल्याचा आवाज आला. "हजेरीला सर्वांसमक्ष खायचा लाडू असतो ना? वज्रबाहूच्या ताटातल्या लाडवात एवढी चिमूट पुरे."

राजा हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. पुडी मात्र त्याने घेतली.

इंदुप्रभाच्या तोंडचं पाणी पळालं. वज्रबाहूला तिने वर्षातून एकदा, हजेरीला, लांबून पाहिलेलं. पण तो आत्याचा मुलगा होता, आणि बाप त्याला मारणार होता. तिच्यासाठी मारणार होता, हे तर आणखी वाईट. दुपारी पहारेकरी पेंगले तशी ती जिना उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा मातीवर उभी राहिली. खडे टोचले. ती रडली, पण थांबली नाही.

महालामागच्या बांबूच्या बेटात एक भारद्वाज बसला होता, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा. तो म्हणाला, "राजकन्ये, कुठे निघालीस?"

"रांजणाचा शाप मोडायला. पण कुठे जायचं, ते ठाऊक नाही."

"मग ऐक. कालकंठाने सगळ्या अटी सांगितल्या, एक सोडून. शाप मोडायची अट त्याने दगडात बांधून काळ्या डोहात बुडवली. डोहात मगर आहे. ज्या घरच्या मरणावर तुझ्या घरी गोड शिजलं, त्या घरचं मीठ जिभेवर असेल, तर ती वाट देते. नसेल, तर खाते. पहिलं काम, ते मीठ मिळव. दुसरं, दगड काढ. तिसरं काय, ते दगड सांगेल."

असं म्हणून भारद्वाज पुढे उडाला आणि एका दारात जाऊन उतरला. ते घर भामिनीचं. तिचा मुलगा पद्मनाभ गेल्या वर्षी गेला होता. माडीवर झोपाळ्यावर बसला असता दोर तुटला. दोर आपसूक तुटला की कोणी तोडला, हे भामिनीला कधीच कळलं नाही.

भामिनीने दार उघडलं, ओळखलं, आणि दारातच उभी राहिली. "काय पाहिजे?"

"तुमच्या हातचं जेवण पाहिजे."

"माझ्या हातचं? चाखणारा कुठे आहे?"

"नाही आणला."

भामिनीचे डोळे बारीक झाले. "माझा पद्मनाभ गेला, त्या दिवशी तुझ्या घरी काय शिजलं होतं?"

इंदुप्रभाला खोटं बोलावंसं वाटलं. वाटणारच, कोणालाही वाटेल. पण ती म्हणाली, "पुरणपोळी. मी दोन खाल्ल्या. कशाची आहे, ते विचारलं नाही."

भामिनी आत गेली. बराच वेळ आली नाही. मग भाकरी आणि वाटीभर आमटी घेऊन आली, पुढ्यात ठेवली आणि समोर बसली. "मीठ जास्त झालंय. हात थरथरतो हल्ली. त्यात आणखी काही घातलंय का, विचारणार नाहीस?"

"नाही."

इंदुप्रभाने घास तोंडात घातला. चावला. गिळायला जमेना. तरी गिळला. दुसरा घेतला. भामिनी बघत होती. तिसऱ्या घासाला ती एकदम ओक्साबोक्शी रडायला लागली आणि म्हणाली, "खा गं बाई, खा. काही नाही घातलेलं. घालणार होते." इंदुप्रभाने भाकरी संपवली, वाटी पुसून घेतली. निघताना भामिनीने तिच्या पायाला फडकं बांधून दिलं.

काळा डोह नगराबाहेर, खडकांच्या खोबणीत. ऊन उतरणीला लागलं होतं. इंदुप्रभा पाण्यात उतरली. ती कधी घोट्याएवढ्या पाण्यातही उतरलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. मगर वर आली. तिचं थोबाड इंदुप्रभाच्या तोंडाजवळ आलं. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग म्हणाली, "पद्मनाभच्या घरचं मीठ. जा," आणि बाजूला झाली. इंदुप्रभाने नाक दाबलं आणि बुडी मारली. तळाला चिखल, चिखलात हाडं, हाडांत एक पांढरा दगड. तो मुठीत धरून ती वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

काठावर दगड बोलला. "रांजण ज्याच्या घरी जायचा, त्या घरच्या बापाने भर हजेरीत दुसऱ्याचं लेकरू मागून घ्यावं. म्हणावं, हे जगू दे. तरच शाप मोडेल. पण ही अट त्याला कोणी सांगितली, तर त्याचं मागणं फुकट जाईल."

एवढं बोलून दगड विरघळला. इंदुप्रभा मटकन खाली बसली. म्हणजे बापाला सांगायचंही नाही! ज्याने पुडी घेतली, त्याने आपण होऊन भाच्याला वाचवायचं. ती भारद्वाजाला म्हणाली, "हे माझं काम नव्हेच. मी काय करू?"

"ते मला ठाऊक नाही," भारद्वाज म्हणाला, आणि उडून गेला. पाखरंच ती; लागेल तेवढी मदत करतात आणि जातात.

ती बसून राहिली. विचार करता करता तिला एक गोष्ट सुचली आणि तिच्या अंगावर काटा आला.

रथसप्तमी उजाडली. चौकात रांजण, त्याच्यापुढे दोन चौरंग, दोन ताटं. रीत अशी, की प्रत्येक हयात नावाने सर्वांसमक्ष एक घास खायचा. मेलेलं माणूस गिळत नाही, एवढाच पुरावा. त्या एका घासाला चाखणारा नसतो. सारं नगर जमलं होतं. सूर्य माथ्याकडे सरकत होता. उंच आसनावर राजा. मुलगी एकाएकी नाहीशी होऊन पहाटे फाटक्या पायांनी परतली, यानेच तो अर्धा झाला होता. खाली चारुमती, मुलावर नजर लावून. आणि रांजणाला टेकून कालकंठ.

वज्रबाहू येऊन बसला, पांढराफटक, तिच्याकडे न बघता. इंदुप्रभा हळूच म्हणाली, "दादा, मी सांगेपर्यंत घास तोंडात घालू नकोस."

"तुझं का ऐकू? मी मेलो की सगळं तुझं."

"म्हणूनच ऐक."

शिंग वाजलं. वज्रबाहूने लाडू उचलला, हात अर्ध्यावर थांबला. इंदुप्रभाने स्वतःचं ताट बाजूला सारलं, हात लांब केला आणि वज्रबाहूच्या लाडवातला अर्धा तुकडा मोडून घेतला. गर्दीतून "अगंबाई!" असा आवाज उठला. हजेरीला कोणी कोणाच्या ताटातलं खाल्लेलं कोणी पाहिलं नव्हतं. राजाने सगळा विचार केला होता, हा सोडून. आपली मुलगी दुसऱ्याच्या ताटाला शिवायची नाही, याची त्याने स्वतःच खात्री करून ठेवली होती ना!

तिने तुकडा ओठांपाशी नेला.

"इंदू!" राजा आसनावरून उठला. "खाऊ नकोस! टाक तो!"

चारुमतीचा चेहरा बघवेना. तिला सगळं कळलं. ती भावाकडे बघत राहिली.

इंदुप्रभाने तुकडा ओठांपासून बाजूला घेतला. खाली ठेवला नाही. विचारलं, "मग बाबा, दादाने खावा का?"

राजाने कालकंठाकडे पाहिलं. कालकंठ मऊ आवाजात म्हणाला, "महाराज, सूर्य माथ्यावर येतोय. थोडा वेळ गप्प राहा, की झालं. मुलगी वाचेल."

रांजण हळूहळू घुमू लागला. त्या आवाजाने ताटं खुळखुळली. बोलावं तर सगळ्या राज्यापुढे खुनी ठरायचं, वर रांजणाने मुलीलाच निवडलं तर? न बोलावं तर समोर बहिणीचा मुलगा, हातात उरलेला अर्धा लाडू घेऊन बसलेला. रांजण आणखी मोठ्याने घुमला. नाव आता त्याच्या गळ्याशी आलं होतं.

"दादा," चारुमती भावाला म्हणाली. एवढंच म्हणाली.

आणि राजा पायऱ्या उतरून धावत आला, मुकुट पडला तरी थांबला नाही. त्याने वज्रबाहूच्या हातावर फटका मारून लाडू उडवला, त्याला मिठीत घेतलं आणि रांजणाकडे तोंड करून ओरडला, "विष मी घातलंय! मी! हा नको घेऊस, हा जगू दे! घ्यायचंच तर मला घे!"

रांजण घुमायचा थांबला. मग त्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. आतून सोनं आलं नाही. आतून पोरांचे दुधाचे दात सांडले, चौकभर. त्याच घटकेला घरोघरच्या पेट्यांतलं सोनंही दुधाचे दात झालं. ज्या पोरांचं आयुष्य जगायचं राहिलं, त्यांच्या वर्षांवर ते सोनं वाढलं होतं आणि तेवढीच वर्षं कालकंठही जगला होता. वर्षं निघून गेली तसा कालकंठ उभ्या जागी वाळला. त्याच्या अंगरख्याची नुसती घडी खाली पडली.

कोणी आनंदाने ओरडलं नाही. बायका खाली बसून दात वेचू लागल्या. भामिनीही बसली. कुठले आपल्या पोराचे, ते कोणाला ओळखता येत नव्हतं, म्हणून त्या सगळेच वेचत होत्या.

राजा मुलीपुढे उभा राहिला. "घरी चल, इंदू."

"आज नाही, बाबा. तुम्ही पहिली हाक मारलीत ती फक्त मला. दादासाठी बोलायला तुम्हाला फार वेळ लागला."

"हो," राजा म्हणाला. "लागला."

"मी आत्याकडे जाते. आत्याने ठेवून घेतलं तर."

चारुमतीने तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने मुलाचा धरला आणि चालू लागली.

राज्य पुढे वज्रबाहू आणि इंदुप्रभा या दोघांनी मिळून नीट चालवलं, पोरं झाडावर चढून पडून हातपाय मोडून घेऊ लागली, सगळं रीतीप्रमाणे सुरू झालं. म्हातारा राजा मात्र त्या दिवसापासून एकेका घरच्या दारात जायचा, ज्या घरचं पोर गेलं होतं त्या. दारात उभा राहून म्हणायचा, "तुमच्या पोराच्या मरणावर मी जेवलोय. आज वाढा, नाहीतर हाकला." काही घरांनी हाकललं. काही घरांनी दारच उघडलं नाही. भामिनीने मात्र त्याला आत घेतलं, ताट मांडलं, आणि तो जेवेपर्यंत पद्मनाभ कसा होता ते त्याला सांगत बसली. राजाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, पण तिचं सांगणं संपेपर्यंत तो उठला नाही.

संपली गोष्ट. आता हात धुवा आणि पानावर बसा. आणि हो, शेजारचं पोर अजून अंगणातच असेल, त्यालाही हाक मारा.